बाबांना डायबेटीस नव्हता, मग ॲटॅकच्या रात्री शुगर २६४ कशी?

डिचोलीची लेक
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते, लिहिते क्वचितच. आज लिहायला बसले कारण महिनाभर एक आकडा डोक्यातून जात नाहीये.

बाबा ७४ वर्षांचे. आयुष्यभर कुळागर सांभाळलं, माडा-पोफळींना स्वतः पाणी सोडलं. बीपीची एक गोळी सोडली तर औषध नाही. चार वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी शुगर तपासली होती, "नॉर्मल आहे" म्हणाले, आणि त्यानंतर आम्ही तेच धरून बसलो.

एप्रिलच्या शेवटी एके दिवशी पहाटे साडेतीनला ते उठून बसले. गंजिफ्रॉक पिळावा इतका भिजलेला. छातीत दुखतंय असं एकदाही म्हणाले नाहीत. "जबडा ओढल्यासारखा होतो आणि हात जड झालाय," एवढंच. आईने दिवा लावला, त्यांचा चेहरा पाहिला आणि मला हाक मारली. १०८ बोलावली. जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढला आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच दिलं. मग मोठ्या हॉस्पिटलात अँजिओ झाली, एक स्टेंट बसला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. त्यांनी बाबांना वाचवलं, ते उपकार मी विसरणार नाही.

पण घरी आल्यावर आठवड्याने मी डिस्चार्जचे कागद नीट वाचले. तिसऱ्या पानावर सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन यांच्या रांगेत बारीक अक्षरात: रँडम शुगर २६४. वेळ पहाटे ४:५०. निदानाच्या जागी डायबेटीसचा उल्लेख नाही. आहाराच्या सल्ल्यात "मीठ कमी, तेल कमी", बस्स. वॉर्डात तीन दिवस बोटाला टोचून शुगर बघत होते हे मला आठवतं. ती दीडशेच्या आसपास आली तसं टोचणंही बंद झालं. आम्ही विचारलं तेव्हा "टेन्शनमुळे वाढते, उतरेल" असं उत्तर मिळालं.

आणि तो मानकुरादचा मोसम. भेटायला येणारा प्रत्येकजण आंबे घेऊन येत होता. बाबांनी आठ दिवस रोज दोन-दोन आंबे खाल्ले. मी स्वतः कापून दिले. ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

ती खरंच नुसती टेन्शनची शुगर होती का? म्हाताऱ्या माणसाला ॲटॅकच्या वेळी शुगर जास्त असली तर पुढे धोका असतो का? आता काय करायचं?

मयेकर
ताई, बाबा बरे आहेत हे मोठं. आंब्याचं मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आधी तीन महिन्यांची शुगर तपासून घ्या.

निवृत्त सिस्टर
लेकी, मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी हार्टच्या पेशंटांबरोबर. तू लिहिलंस तसे कागद शेकड्यांनी पाहिले आहेत. पेशंट आला की पहिल्या दहा मिनिटांत आम्ही बोट टोचतो, आकडा लिहितो, आणि मग ईसीजी, इंजेक्शन, ॲम्ब्युलन्स यांच्या धावपळीत तो आकडा कागदावरच राहतो. ज्याच्या फाईलवर आधीपासून "डायबेटीस" लिहिलंय त्याच्या शुगरकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ज्याच्या फाईलवर नाही, त्याची अडीचशे शुगर असली तरी "ॲटॅकमुळे आहे" म्हणून पुढे जायचं, असं होतं. हे मी माझ्या हातांनीही केलंय, म्हणून सांगते. डिस्चार्जच्या दिवशी तो पहिला आकडा आठवून विचारणारं कोणीतरी घरचं लागतं.

मडगावचा फिजिशियन
तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ॲटॅक येतो तेव्हा शरीर घाबरतं. ॲड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल भसकन वाढतात. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, इन्सुलिनचं काम मंदावतं. त्यामुळे ज्याला डायबेटीस नाही त्याचीही शुगर त्या रात्री चढते. तुम्हाला "टेन्शनमुळे" म्हणाले ते खोटं नाही, पण अर्धं आहे. त्याचे उरलेले दोन भाग असे.

पहिला भाग: ही शुगर किती चढली यावरून पेशंट किती धोक्यात आहे ते कळतं, आणि म्हाताऱ्या माणसांत तर फारच. अमेरिकेत १९९४ ते १९९६ या काळात ॲटॅकने दाखल झालेल्या ६५ वर्षांवरच्या १,४१,६८० पेशंटांचे कागद तपासले गेले, ते निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. ज्यांना आधी डायबेटीस नव्हता, त्यांच्यात दाखल होताना शुगर ११० किंवा त्याखाली असलेल्यांपैकी ३० दिवसांत १० टक्के दगावले. शुगर २४० च्या वर असलेल्यांपैकी ३९ टक्के. आधीपासून डायबेटीस असलेल्यांत हेच प्रमाण १६ वरून २४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे चढ दोन्हीकडे आहे, पण ज्यांना "शुगर नाही" असं आपण समजतो त्यांच्यात तो जास्त उभा आहे.

आणि त्याच अभ्यासातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट: शुगर २४० च्या वर असलेल्यांत, माहीत असलेल्या डायबेटीसच्या ७३ टक्के पेशंटांना इन्सुलिन मिळालं. डायबेटीस माहीत नसलेल्यांत फक्त २२ टक्क्यांना. सिस्टर म्हणतात ते हेच.

दुसरा भाग: त्यातल्या बऱ्याच जणांना डायबेटीस आधीपासून असतोच, फक्त कोणी शोधलेला नसतो. स्वीडनमध्ये २००२ साली छापलेल्या एका अभ्यासात, डायबेटीस नाही असं समजल्या गेलेल्या ॲटॅकच्या पेशंटांना घरी सोडताना ग्लुकोज पाजून तपासलं. ३१ टक्क्यांना डायबेटीस निघाला, आणखी ३५ टक्के उंबरठ्यावर होते. तिघांत दोघे!

म्हणून: एचबीएवनसी, म्हणजे आपली "तीन महिन्यांची शुगर", आणि उपाशीपोटीची शुगर, दोन्ही करा. ॲटॅकच्या रात्रीचा झटका तीन महिन्यांच्या शुगरमध्ये फारसा उमटत नाही, म्हणून तीच इथे उपयोगी. एक ध्यानात ठेवा, रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर हा आकडा फसवतो. तसं काही असेल तर इथे लिहा.

डिचोलीची लेक
डॉक्टर, मनापासून आभार. रक्त चढवलेलं नाही, हिमोग्लोबिन १३.२. उद्याच लॅबमध्ये नेते.

पेडणेचे मास्तर
मी गणिताचा मास्तर होतो, वय ७१, स्वतःला स्टेंट आहे. म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न. शुगर जास्त म्हणून माणसं जास्त दगावली, की ॲटॅक मोठा म्हणून शुगरही जास्त आणि मरणही जास्त? पाऊस पडला की छत्र्याही दिसतात आणि रस्त्यावर पाणीही साचतं. छत्र्यांमुळे पाणी साचत नाही. शुगर ही छत्री असेल तर ती उतरवून काय मिळणार?

मडगावचा फिजिशियन
मास्तर, या विषयातला खरा वाद तुम्ही नेमका मांडलात.

दोन्ही आहे. मोठ्या ॲटॅकमध्ये हृदयाचा मोठा भाग मरतो, शरीर जास्त घाबरतं, शुगर जास्त चढते. तिथे शुगर ही छत्रीच. पण चढलेली शुगर स्वतःही त्रास देते. रक्त चिकट होतं, गुठळ्या सहज होतात, बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह अडतो. दुखावलेल्या हृदयाला ते परवडत नाही.

मग उतरवून फायदा होतो का? १९९५ मध्ये स्वीडनच्याच एका अभ्यासात ६२० पेशंटांपैकी निम्म्यांना ॲटॅकनंतर लगेच इन्सुलिन-ग्लुकोजचं सलाईन आणि नंतर तीन महिने इन्सुलिनची इंजेक्शनं दिली. वर्षभरात त्यांच्यातले १८.६ टक्के गेले, बाकीच्यांतले २६.१ टक्के. सगळ्यांना वाटलं, मार्ग सापडला. दहा वर्षांनी त्याच मंडळींनी मोठा अभ्यास केला आणि त्यात फरक दिसला नाही. पुढे २००९ मध्ये आयसीयूतल्या ६,१०४ पेशंटांवर (हे फक्त हार्टचे नव्हते) शुगर अगदी ८१ ते १०८ मध्ये धरून ठेवायचा प्रयत्न झाला, तेव्हा उलट जास्त माणसं दगावली: २७.५ टक्के, तर १८० पर्यंत चालवून घेतलेल्यांत २४.९ टक्के.

म्हणून आज दवाखान्यात दाखल पेशंटची शुगर साधारण १४० ते १८० मध्ये ठेवायची, अशी पद्धत आहे. अडीचशे सोडून द्यायची नाही, आणि ९० च्या मागेही लागायचं नाही. म्हातारपणी तर ही दुसरी चूक जास्त महागात पडते.

सत्तरीकर
मास्तरांच्या आणि डॉक्टरांच्या चर्चेत मध्येच घुसतो. पण "जबडा ओढतो, घाम, छातीत दुखत नाही" हे वाचलं आणि माझी आई आठवली.

आईला १६ वर्षं डायबेटीस होता. त्या दिवशी दुपारी शीत-कडी जेवून झाली आणि म्हणाली, पोटात वायू धरलाय. घाम फुटला होता. मी भिरंडाची (कोकमाची) सोलं पाण्यात कुस्करून, मीठ घालून दिली. एकदा ओकली, म्हणाली बरं वाटतंय. झोपवली. संध्याकाळी पायऱ्या चढताना धाप लागली, तेव्हा वाळपईला नेली. ईसीजी पाहिल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कधीपासून?" मी म्हणालो, दुपारी एकपासून. त्यांनी घड्याळ पाहिलं. सात वाजले होते. बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पोचली, पण दोन दिवसांतच गेली.

नंतर कळलं की बरीच वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या नसा बधिर होतात, छातीतलं दुखणं पोचतच नाही. फक्त घाम, ओकारी, धाप, अशक्तपणा. ताई, तुझ्या आईने दिवा लावून चेहरा पाहिला आणि हाक मारली, ते फार मोठं काम केलंय. तिला सांग.

निवृत्त सिस्टर
सत्तरीकर भाऊ, तुम्ही हे लिहिलंत ते अनेक घरांना उपयोगी पडेल. तुम्ही वायूवरचा उपाय दिलात कारण तिला वायूच वाटत होता. पण आता वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा: साठीच्या पुढचा माणूस, शुगर असो वा नसो, अचानक घामाघूम झाला आणि त्याला काहीतरी वेगळंच वाटतंय असं म्हणाला, की सोलं, सोडा, जिरं काही नाही. आधी १०८. ईसीजीला पाच मिनिटं लागतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जितकं लवकर, तितका हृदयाचा जास्त भाग वाचतो.

वास्कोचा प्रवासी
गोव्यात हा विषय घराघरातला आहे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत डायबेटीसचं प्रमाण गोव्यात सगळ्यात जास्त निघालं, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. चारातला एक मोठा माणूस! सप्त्याला रांगेत उभं राहिलं की मी आता मनात मोजतो.

फोंड्याची सून
डॉक्टरांनी "दुसरी चूक महागात पडते" असं लिहिलंय, त्यावर आमच्या घरचा अनुभव सांगते, कारण तो मला कुठेतरी लिहायचाच होता.

सासूबाई ७८ वर्षांच्या. ॲटॅकनंतर त्यांना डायबेटीस असल्याचं कळलं. मुलांनी मनावर घेतलं. साखर बंद, भात अर्धी वाटी, पाव बंद, दिवसातून चारदा बोट टोचायचं, आणि आकडा १३० च्या वर गेला की घरात तणाव. शुगर उतरवणारी गोळी एका डॉक्टरांनी सुरू केली, ती दुसऱ्यांनी वाढवली. आषाढी एकादशीला त्यांनी उपास धरला, गोळी मात्र घेतली, कारण गोळी चुकवायची नाही असं आम्हीच बजावलं होतं. रात्री नुसतं दूध घेतलं. पहाटे देवघरापाशी मला त्या भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. मला ओळखत नव्हत्या. हाताला घाम, बोलणं जड. मला वाटलं, परत ॲटॅक किंवा पॅरालिसिस. नवऱ्याने मशीन आणली. आकडा ४८.

शुद्ध होती, गिळत होत्या, म्हणून पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून घोट-घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ८१. वीस मिनिटांनी मला नावाने हाक मारली आणि विचारलं, "समईत तेल घातलंस का?" मी तिथेच रडले.

आता त्यांचे डॉक्टर म्हणतात, या वयात तीन महिन्यांची शुगर आठच्या आत राहिली तरी पुष्कळ. गोळी बदलली, उपास बंद, आणि त्या दुपारी एक पोयी (आपला कोंड्याचा पाव) खातात.

मडगावचा फिजिशियन
फोंड्याच्या ताई, तुम्ही योग्य तेच केलंत. वाचणाऱ्यांसाठी जोड: माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८. शुगर एकदम खाली गेली की शरीर पुन्हा ॲड्रिनलीन सोडतं, हृदयाचे ठोके विस्कटू शकतात. नुकताच ॲटॅक आलेल्या हृदयाला हा धक्का नको असतो. वयाबरोबर किडनीचं काम मंदावतं, त्यामुळे काही गोळ्या अंगात जास्त वेळ राहतात, म्हणून म्हाताऱ्या पेशंटच्या गोळ्या अधूनमधून तपासाव्याच लागतात. कोणती गोळी, किती, हे मात्र इथे विचारू नका. पेशंटला हात न लावता ते सांगणं बरोबर नाही.

पेडणेचे मास्तर
डॉक्टर, माझं समाधान झालं. शुगर ही छत्री आहे, आणि थोडासा पाऊसही. माझ्या ॲटॅकच्या वेळचा आकडा किती होता ते मला माहीतच नाही. आज फाईल काढतो.

डिचोलीची लेक
रिपोर्ट आला. तीन महिन्यांची शुगर ६.८. उपाशीपोटी १३८. जेवल्यानंतर दोन तासांनी २१२.

म्हणजे डायबेटीस आहेच ना?

मडगावचा फिजिशियन
होय. ६.५ आणि वर म्हणजे डायबेटीस, उपाशीपोटी १२६ आणि वर म्हणजेही डायबेटीस. दोन्ही जुळताहेत.

आता तुमच्या २६४ कडे परत जाऊ. ६.८ चा अर्थ बाबांची रोजची सरासरी शुगर साधारण १४८ असते. (हिशेब मास्तरांसाठी: २८.७ गुणिले ६.८, वजा ४६.७.) त्या पहाटे ती २६४ होती. म्हणजे १४८ पर्यंतचा भाग जुन्या, न कळलेल्या डायबेटीसचा. वरचे साधारण एकशेसोळा त्या रात्रीच्या झटक्याचे. "टेन्शनमुळे" हे उत्तर फक्त वरच्या भागाचं होतं. खालचा भाग कदाचित काही वर्षांपासून तसाच होता.

ज्याची रोजचीच सरासरी २३० आहे त्याच्यात २६४ हा लहानसा चढ. ज्याची ९५ आहे त्याच्यात तो डोंगर. डायबेटीस नसलेल्यांत मरणाचा चढ जास्त उभा का, याचं एक कारण हेच समजतात.

बाबा कामाचे, हिंडते-फिरते आहेत, तर त्यांच्यासाठी सात ते साडेसातच्या आत हे ध्येय ठीक. कार्डिओलॉजिस्टना हा रिपोर्ट दाखवूनच औषध सुरू करा, कारण आता काही औषधं शुगरबरोबर हृदयालाही आधार देतात. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. आणि २६४ हा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर लिहा.

मयेकर
आंब्याचं काय, डॉक्टर? ताईंच्या वतीने विचारतो.

मडगावचा फिजिशियन
आठ दिवसांच्या आंब्यांनी डायबेटीस होत नाही. ६.८ त्या आंब्यांनी आलेला नाही. यापुढे जेवणावर आख्खा आंबा नको. कधीतरी दोन फोडी, भात तितका कमी करून, चालेल. उकड्या तांदळाची पेजही वाटीनेच मोजा, पेज पातळ आहे म्हणून शुगर वाढत नाही असं नसतं.

डिचोलीची लेक
शेवटचं कळवते. काल कार्डिओलॉजिस्टना भेटलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, जुना कागद मागितला आणि माझ्यासमोर स्वतः निदानात "डायबेटीस" असं लिहिलं. औषध सुरू झालं. बाबांनी एकच विचारलं, "पोफळींना पाणी सोडायला जाऊ का?" जा म्हणाले, पण एकट्याने नको, आणि खिशात साखरेची पुडी असू द्या.

फाईलवर मी लाल पेनाने लिहिलंय: ॲटॅकच्या पहाटे ४:५० ला शुगर २६४. आईला सत्तरीकर भाऊंचा निरोप वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, नुसती तुमच्या आईचं नाव काय म्हणून विचारत होती.

संध्याकाळी शेजारचे काका आले. त्यांना दोन वर्षांपूर्वी ॲटॅक आला होता, "शुगर नाही" म्हणूनच सांगतात. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून जुने कागद काढले, आणि आम्ही ओसरीवर बसून एकेक पान उलटलं. चौथ्या पानावर सापडलं: रँडम शुगर १९८. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचलं. उद्या सकाळी सातला त्यांनाही उपाशीपोटी लॅबमध्ये नेते आहे.